हाशिमा बेटावरची बंद कोळसा खाण बघायची असेल तर : नागपूरहून जाणाऱ्यांसाठी सगळं नीट सांगतो

बाबा खापरखेड्याकडच्या अंडरग्राउंड खाणीत ३३ वर्षं होते, आधी लोडर (कोळसा भरणारा) आणि शेवटी सिरदार (पाळीतल्या माणसांवर लक्ष ठेवणारा), त्यामुळं पाळी, हाजरी, डोली (खाणीत उतरायचा पाळणा), गॅस हे शब्द आमच्या घरात पोळी-भाजीसारखे रोजचे. रिटायर झाल्यावर त्यांना विचारलं की कुठं जायचंय, तर काशी नाही, रामेश्वर नाही, मोबाईलवर एक फोटो दाखवला, भर समुद्रात उभ्या असलेल्या काळ्या पडक्या बिल्डिंगांचा, आणि म्हणाले, "हे पाय, हे कॉलरी आहे. समुद्राखालून कोळसा काढत होते हे लोक. मले हे पाहाचं आहे."

ते बेट म्हणजे जपानमधलं हाशिमा, नागासाकीजवळचं. आम्ही दोघं बाप-लेक जाऊन आलो आणि तेव्हापासून ओळखीतले लोक विचारूनच राहिले की गेले कसे, उतरू देतात का, म्हाताऱ्या माणसाला जमतं का, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवा. बेटावर उतरल्यावर तुम्हाला चालायला मिळतो फक्त सव्वादोनशे मीटरच्या आसपासचा एक बांधलेला रस्ता, कठडा लावलेला, आणि तासाभरात परत बोटीत. बिल्डिंगमध्ये पाय ठेवता येत नाही, आणि उतरायला मिळेलच असंही नाही, ते त्या दिवशीचा समुद्र ठरवतो. म्हणून तयारी करून गेलात तरच त्या एका तासात काही दिसेल, नाहीतर एवढा खर्च करून पडक्या भिंतींचे फोटो घेऊन याल, जे घरी बसूनही मिळतात.

आधी बेट समजून घ्या

बेट आहे केवढं, तर लांबी साधारण ४८० मीटर, रुंदी १६० मीटर, एकूण ६.३ हेक्टर. म्हणजे साडेपंधरा एकर, आपल्याकडच्या एखाद्या बऱ्या कास्तकाराचं शेत तेवढं असतं. मूळ खडक तर याच्या तिसऱ्या हिश्शाएवढाच होता, बाकीचं सगळं खाणीतून निघालेला दगड समुद्रात टाकून आणि भोवती भिंत बांधून वाढवलेलं. मित्सुबिशीनं हे बेट १८९० मध्ये विकत घेतलं आणि १९७४ पर्यंत इथून कोळसा काढला, तोही साधासुधा नाही, पोलाद बनवायला लागतो तसला उत्तम प्रतीचा, यावाताच्या पोलाद कारखान्यात जायचा. एकूण १ कोटी ५७ लाख टनांच्या आसपास निघाला. या एवढ्याशा जागेवर १९५९ मध्ये ५,२५९ माणसं राहत होती. शाळा, दवाखाना, देऊळ, सिनेमा थिएटर, बाजार, पोहायचा टँक, सगळं. नव्हतं फक्त स्मशान, मेलेल्या माणसाला शेजारच्या दुसऱ्या छोट्या बेटावर न्यायचे.

माणसं एवढी आणि जमीन नाही, मग वरच चढावं लागलं. १९१६ मध्ये इथं ३० नंबरची बिल्डिंग बांधली, ती जपानमधली सर्वात जुनी काँक्रीटची उंच चाळ समजली जाते, सात मजली. १९१६ मध्ये, विचार करा! लांबून ह्या बिल्डिंगा आणि भोवतालची भिंत युद्धनौकेसारखी दिसते म्हणून लोक त्याला गुन्कान्जिमा म्हणतात, युद्धनौका-बेट, आणि नागासाकीत विचाराल तर हाशिमापेक्षा हेच नाव जास्त चालतं, बोर्डांवरही तेच असतं.

आता खाण. उभं चानक, म्हणजे खाणीत उतरायची विहीर, ६०६ मीटर खोल. नागपूर समुद्रसपाटीपासून ३१० मीटरच्या आसपास उंच आहे, त्याच्या दुप्पट खोल डोलीनं उतरायचं आणि तिथून आणखी तिरकं खाली, समुद्राच्या तळाच्याही खाली, पार १,००० मीटरपर्यंत. आत ३० डिग्रीच्या वर तापमान आणि ९५ टक्के दमटपणा. आपल्याकडचा मे महिना आपल्याला कोरडा मिळतो म्हणून आपण निभावतो, हे म्हणजे ऑगस्टमधली घामाची चिकचिक, अंधारात, वाकून, आठ तास. गॅसही होता. १९६४ मध्ये आत कोळसा आपोआप पेटला आणि खोलचा भाग पाण्यानं भरून सोडून द्यावा लागला. बाबांना हे सांगितलं तर ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत, कारण कोळसा आपोआप पेटणं म्हणजे काय हे खाणीतल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

आणि एक भाग असा आहे जो बोटीवरच्या माहितीत फार थोडा येतो, तो आधीच वाचून जा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इथं कोरियन आणि चिनी लोकांना जबरदस्तीनं आणून खाणीत उतरवलं होतं. जुलै २०१५ मध्ये जपानच्या मेइजी काळातल्या (१८६८ ते १९१२) औद्योगिक स्थळांच्या यादीत हे बेट जागतिक वारसा झालं, तेव्हा जपाननं स्वतः युनेस्कोच्या बैठकीत मान्य केलं होतं की १९४० च्या दशकात यातल्या काही ठिकाणी अनेक कोरियन आणि इतर लोकांना मनाविरुद्ध आणून कठीण परिस्थितीत कामाला जुंपलं गेलं. ही गोष्ट लोकांपर्यंत नीट पोचवली जात नाही म्हणून २०२१ मध्ये युनेस्कोच्या समितीनं तीव्र खेदही व्यक्त केला. व्हिडिओवाले याला भुताचं बेट म्हणतात, त्याचा मला मनापासून राग येतो. तिथं भुतं नव्हती, पाळीला जाणारी माणसं होती, काही पगारावर आणि काही बळजबरीनं.

जमलं तर जपानला जायच्या आधी एका रविवारी सावनेरला डब्ल्यूसीएलचा (वेस्टर्न कोलफिल्ड्स, आपल्याकडची सरकारी कोळसा कंपनी) इको पार्क घरच्यांना दाखवून आणा. ज्यानं खाण कधी बघितली नाही त्याला चानक म्हणजे काय, छत कसं टेकवतात, ट्रॉल्या कशा ओढतात हे एकदा डोळ्यासमोर आलं की हाशिमावरचे नुसते खांबसुद्धा बोलायला लागतात.

कधी जायचं

उतरायचे नियम पक्के आहेत. वारा सेकंदाला ५ मीटरपेक्षा जास्त असेल, लाट अर्ध्या मीटरपेक्षा उंच असेल किंवा ५०० मीटरपर्यंतचं दिसत नसेल तर बोट धक्क्याला लागत नाही. अर्धा मीटर म्हणजे गुडघ्याएवढी लाट, ती कधीही येऊ शकते. क्युशूमध्ये, म्हणजे नागासाकी आहे त्या मोठ्या बेटावर, जून ते जुलै मध्यापर्यंत पावसाळा, मग ऑक्टोबरपर्यंत वादळांची भीती, आणि हिवाळ्यात वायव्येचा वारा. वादळानं धक्काच मोडला आणि महिनोन् महिने उतरणं बंद राहिलं असं २०१८ पासून एकापेक्षा जास्त वेळा झालंय, म्हणून विमानाचं तिकीट काढायच्या आधी सध्या उतरणं चालू आहे की नाही हे बोट कंपन्यांच्या साईटवर बघाच बघा.

आपल्यासाठी सोयीचे महिने दोन. एक म्हणजे मेचा दुसरा-तिसरा आठवडा, पोरांच्या सुट्ट्या असतात, इकडं नागपूर ४५ वर असतं आणि तिकडं हवा छान. एप्रिल शेवट ते मेचा पहिला आठवडा मात्र टाळा, जपान्यांची मोठी सुट्टी असते, बोटी आणि हॉटेलं सगळं फुल. दुसरा म्हणजे नोव्हेंबर, दिवाळी आटोपून.

व्हिसा आणि प्रवास

भारतीय पासपोर्टला आधी व्हिसा काढावा लागतो, अर्ज व्हीएफएस या व्हिसाचे अर्ज घेणाऱ्या कंपनीमार्फत. कागदपत्रांत फार अवघड काही नाही, बँक स्टेटमेंट, आयटीआर, तिकीट-हॉटेलचं बुकिंग, आणि कोणत्या दिवशी कुठं असाल त्याचा तारखेवार तक्ता. तो तक्ता नीट भरा, त्यातल्या तारखा आणि हॉटेलच्या तारखा जुळायला हव्यात. बाबांचं आयटीआर नव्हतं, त्यांच्या सीएमपीएफ (कोळसा खाण कामगारांचा भविष्य निधी) पेन्शनचे कागद आणि पासबुक लावलं, आणि खर्च मी करतोय असं पत्र, झालं काम.

नागपूरहून दिल्ली किंवा मुंबई, तिथून बँकॉक, सिंगापूर किंवा हाँगकाँग करत फुकुओका. टोकियोला उतरू नका, निव्वळ हाशिमासाठी जात असाल तर तो उलटा फेरा पडतो. फुकुओका एअरपोर्टपासून मेट्रोनं दुसरंच स्टेशन हाकाता, तिथून नागासाकीला ट्रेननं साधारण दीड तास. मध्ये ताकेओ-ओन्सेन नावाच्या स्टेशनवर गाडी बदलायची असते पण घाबरायचं काम नाही, समोरच्याच प्लॅटफॉर्मवर शिंकान्सेन (बुलेट ट्रेन) उभी असते, २०२२ मध्ये सुरू झालेली नवी लाईन आहे ती. बाबांना घेऊन बॅगांसकट दोन-तीन मिनिटांत बदलली.

खायचं सामान न्या, पण ताजी फळं नेता येत नाहीत, त्यामुळं संत्री न्यायचा मोह आवरा, विमानतळावर काढून घेतील. मांसाचे पदार्थही नाही चालत. तिखट पुऱ्या, शंकरपाळे, चिवडा बिनधास्त. शाकाहारी असाल तर तिकडं सूप म्हटलं की मासा आलाच, नागासाकीचा प्रसिद्ध चाम्पोन म्हणजे डुक्कर आणि समुद्रातलं सगळं एकाच वाटीत. आम्ही दुपारी दुकानातला साधा भात आणि घरचं लोणचं खाल्लं, बाबा खुश.

बोटीचं बुकिंग, इथंच लोक चुकतात

स्वतःची होडी करून किंवा कोळ्याला पैसे देऊन बेटावर जाता येत नाही, नागासाकी शहराच्या परवानगीच्या कंपन्यांच्या बोटीच उतरवतात. चार-पाच कंपन्या आहेत, प्रत्येकीची सुटायची जागा वेगळी, कोणाची ओहातो ट्राम स्टॉपजवळच्या मुख्य पोर्ट टर्मिनलवरून तर कोणाची तोकिवा टर्मिनलवरून, म्हणून बुकिंग झाल्याबरोबर टर्मिनलचं नाव कागदावर लिहून ठेवा. साधारण सकाळी ९ च्या आसपास एक फेरी आणि दुपारी १ च्या आसपास दुसरी, जाऊन-येऊन अडीच ते तीन तास. बोटीच्या तिकिटाशिवाय बेटाची फी वेगळी असते, आम्ही गेलो तेव्हा मोठ्या माणसाला ३१० येन होती. इंग्रजी ऑडिओ किंवा पत्रक मिळतं का हे बुकिंगच्या वेळीच विचारा, आणि गुडघ्यांचा त्रास असेल किंवा लहान मूल असेल तर तेही, कारण वयाचे आणि चालण्याचे नियम प्रत्येक कंपनीचे वेगळे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. नागासाकीत किमान दोन, जमल्यास तीन रात्री ठेवा आणि बोट पहिल्या दिवशीची घ्या. आम्ही तसं केलं म्हणून वाचलो. पहिल्या दिवशी ऊन होतं, आभाळ निळं, आणि तरी बेटाजवळ गेल्यावर लाट धक्क्यावर आपटत होती, कप्तानानं दोनदा जवळ नेऊन बघितलं आणि मग माइकवरून सांगितलं की उतरणं नाही. बोटीनं बेटाला फेरी मारली, फक्त ती ३१० येनची फी परत मिळाली आणि आम्ही परत. बाबा कठड्याला धरून बेटाकडं बघत उभे होते, एक शब्द बोलले नाहीत. संध्याकाळी हॉटेलात बसून परवाच्या सकाळच्या दोन सीट मिळवल्या. ज्यांचं नागासाकीतलं वेळापत्रक एकाच दिवसाचं असतं त्यांना हा दुसरा चान्स मिळत नाही, म्हणून एवढं ठासून सांगतोय.

सकाळची फेरी घ्या, दिवस चढला की वारा वाढायची शक्यता जास्त.

त्या दिवशी सकाळी

नागासाकी स्टेशनसमोरून ट्राम मिळते, ओहातो दुसराच स्टॉप. अर्धा तास आधी पोचा, कारण एक हमीपत्र भरून सही करावी लागते की कठड्याबाहेर जाणार नाही, सांगितलेलं ऐकीन वगैरे. बूट बंद घाला, चप्पल-सँडल आणि हील चालत नाहीत. छत्री उघडायला मनाई आहे, पाऊस असेल तर रेनकोट. टोपी दोरीवाली घ्या. ड्रोन आणि ट्रायपॉड घरीच ठेवा. बेटावर संडास नाही, सावली नाही, पाण्याची बाटली विकत मिळत नाही, त्यामुळं बोटीतच सगळं आटपून घ्या. बोट लागत असेल तर उलटीची गोळी सुटायच्या अर्धा तास आधी, सुटल्यावर घेऊन उपयोग नाही.

निघाल्यावर उजवीकडं बघा, शिपयार्डमध्ये १९०९ ची एक अवाढव्य क्रेन उभी आहे, तीही त्याच जागतिक वारशात आहे आणि अजून कामात आहे.

बेटावर

दुसऱ्या वेळी उतरलो. थांबायच्या जागा तीन.

पहिल्या जागेवरून समोर रांगेनं काँक्रीटचे चौकटी खांब दिसतात, त्यांवरून कोळशाचा पट्टा धावायचा. लोक त्यांच्याकडं पाठ करून मागच्या शाळेचे फोटो काढतात. शाळा बघाच, सात मजली, १९५८ ची, तिच्या पायाखालची माती वादळांनी वाहून नेली आणि खालचे खांब उघडे पडलेत, पण खांबही बघा, आख्ख्या बेटाचं पोट त्या पट्ट्यावर होतं. शाळेला लागून नऊ मजली ६५ नंबरची बिल्डिंग, तीनशेवर घरं, आणि गच्चीवर बालवाडी. जमीनच नव्हती ना, पोरं गच्चीवर. १९६६ मध्ये बाहेरून माती आणून काही गच्च्यांवर वाफे केले, भाजी लावली, कित्येक पोरांनी रोपटं वाढताना तिथंच पहिल्यांदा बघितलं. पिण्याचं पाणीसुद्धा १९५७ पर्यंत बोटीनं यायचं, मग समुद्राखालून पाईप टाकला.

दुसरी जागा खाणीची. इथं लाल विटांची एक भिंत उभी आहे, ऑफिसची, आणि तिच्यापलीकडं एक जिना. फक्त जिना, वर काही नाही. याच पायऱ्या चढून पाळीवाले चानकावर जायचे आणि डोलीत बसायचे, आणि पाळी संपली की इथूनच उतरायचे. गाइडनं सांगितलं की डोली सेकंदाला ८ मीटर वेगानं सुटायची. बाबांनी बोटांवर हिशेब केला, "सव्वा मिनिट. कानाले दडेच बसत असन." मग मला म्हणाले याले इचार, लॅम्प रूम कोठी होती. मी मोबाईलवर ट्रान्सलेट करून दाखवलं. गाइडनं ते वाचलं, बाबांकडं बघितलं, त्यांच्या हातांकडं बघितलं (बाबांच्या उजव्या हाताच्या पाठीवर कोळशाचा निळा डाग आहे, जखमेत भुकटी राहिली की तो कातडीखाली तसाच राहतो, जात नाही), आणि विचारलं, "मायनर?" बाबा म्हणाले, "हाव." तो माणूस कमरेत वाकला आणि बराच वेळ वाकूनच राहिला. मग बाबाही वाकले.

इथल्या आंघोळीची पद्धत मला फार लक्षात राहिली. तीन टाक्या असायच्या. पहिल्या टाकीत अंगावरच्या कपड्यांसकट उतरायचं, खारं पाणी. दुसऱ्यात कपडे काढून, तेही खारं. आणि गोडं पाणी फक्त तिसऱ्या टाकीत. आई आमच्याकडं बाबांचे कपडे वेगळ्या बादलीत भिजवायची आणि तरी ते पाणी तीनदा काळं निघायचं, त्यामुळं मला ते दिसलंच डोळ्यासमोर.

तिसऱ्या जागेवर ३० नंबरची ती १९१६ ची बिल्डिंग. २०२० मध्ये तिचा भाग कोसळला आणि अजून कोसळेल, त्यामुळं आज जशी आहे तशी पुढच्या वेळी नसेल. खारा वारा काँक्रीटमधल्या सळईपर्यंत पोचतो, सळई गंजते, गंजलं लोखंड फुगतं आणि आतून काँक्रीट फोडतं. म्हणूनच कठड्याबाहेर जायला मनाई आहे, वरून कधी काय पडेल सांगता येत नाही, तेव्हा फोटोसाठी पाय बाहेर टाकू नका. जवळच २५ मीटरचा पोहायचा टँक आहे, त्यात आता माती.

वर टोकावर पांढरा दीपस्तंभ दिसेल. तो खाणीच्या काळातला नाही, १९७५ मध्ये आला. लोक राहत होते तोवर रात्रभर घराघरांत इतके दिवे असायचे की जहाजांना बेट आपोआप दिसायचं. १५ जानेवारी १९७४ ला खाण बंद झाली, तेलानं कोळशाची जागा घेतली होती, आणि २० एप्रिलला शेवटचे लोक बोटीत बसले. तीन महिन्यांत सगळं बेट रिकामं. मग अंधारात ते बेट दिसेना, म्हणून दिवा बांधावा लागला. लोकांना पुन्हा उतरायला मिळालं ते थेट एप्रिल २००९ मध्ये.

परत जाताना बोट पश्चिमेकडून फिरवतात, तेव्हा कॅमेरा तयार ठेवा, युद्धनौकेसारखं दिसतं ते याच बाजूनं.

उतरता आलं नाही किंवा वेळ उरला तर

ट्रामनं ओउरा चर्चकडं या, तिथं गुन्कान्जिमा डिजिटल म्युझियम आहे. बिल्डिंगांच्या आतलं, जिथं जाता येत नाही ते सगळं मोठ्या पडद्यावर आणि चष्मा लावून दाखवतात. उतरायच्या आधी बघितलं तर जास्त फायदा, आम्ही मधल्या रिकाम्या दिवशी तेच केलं. बाजूलाच ग्लोव्हर गार्डन.

पण माझं ऐकाल तर एक अर्धा दिवस तकाशिमा बेटासाठी काढा. तिकडं साधी फेरी बोट जाते, अर्ध्या तासापेक्षा थोडं जास्त लागतं, आणि गर्दी काहीच नाही. जपानमधली वाफेच्या यंत्रावर चालणारी पहिली पाश्चात्त्य पद्धतीची उभी खाण तिथं १८६९ मध्ये सुरू झाली, तिचं चानक अजून बघता येतं, जेमतेम चाळीस-पंचेचाळीस मीटरचं. धक्क्याजवळच कोळशाचं छोटं म्युझियम आहे, बाहेर हाशिमाचं मॉडेल ठेवलंय, त्यावर बोट ठेवून कोणती बिल्डिंग कुठं होती ते निवांत समजून घेता येतं. बाबा तिथल्या जुन्या अवजारांजवळ दीड तास होते, एकेका वस्तूचं आपल्याकडचं नाव मला सांगत, आणि त्या नादात आमची परतीची बोट सुटली. पुढची बरीच उशिरानं होती. म्हणून उतरल्या उतरल्या धक्क्यावरच्या टाइमटेबलचा फोटो काढून ठेवा.